वैद्यकीय अहवालाआधीची सही

प्रति,
माननीय संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय: मोटार अपघातातील दुखापतीच्या दाव्यांची घाईघाईने होणारी तडजोड

महोदय,

मोटार अपघातांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात नेमाने येतात. धडक कशी झाली, किती जण जखमी झाले, हे वाचकांना कळते. त्या जखमींच्या नुकसानभरपाईचे पुढे काय झाले, याची मात्र फारशी कोणी विचारपूस करत नाही. माझी सारी नोकरी विमा दाव्यांच्या फायली हाताळण्यात गेली. अनेक खरे दावे न्यायाधीशांसमोर जाण्याआधीच, पहिल्या काही आठवड्यांत, खिळखिळे होताना मी पाहिले आहेत, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दुखापतीचा नीट अंदाज येण्यापूर्वी जखमीने तडजोडीच्या कागदावर केलेली सही.

धडकेनंतर माणूस गाडीतून उतरतो, कपडे झटकतो आणि ‘मला काही झालेले नाही’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्या क्षणी शरीर एवढे उत्तेजित असते की वेदना जाणवतच नाही. मानेला बसलेल्या हिसक्याचे दुखणे पुष्कळदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झालेला रुग्ण काही काळ शुद्धीवर राहून व्यवस्थित बोलतो आणि मग एकाएकी खालावतो, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. डोक्याला बसलेल्या सौम्य माराची तऱ्हा तर आणखी वेगळी. स्कॅन निर्दोष येतो. विसराळूपणा, चिडचिड, उजेडाचा त्रास या गोष्टी पुढे घरच्यांच्याच आधी लक्षात येतात.

फायलीत मात्र यातले काही नसते. तिथे असतो पहिला केसपेपर, आणि त्यावर डॉक्टरांनी घाईत लिहिलेली एक ओळ: ‘हाताला खरचटले आहे, इतर तक्रार नाही.’ दोन महिन्यांनी मानेच्या उपचारांची बिले आली की दावा तपासणारा त्याच ओळीवर बोट ठेवतो. म्हणून त्याच दिवशी तपासून घ्यावे, लहानसहान तक्रारही सांगून लिहून घ्यावी, नवीन दुखणे उद्भवताच पुन्हा जावे आणि उपचारात खंड पडू देऊ नये. दोन भेटींमधले मोठे अंतर ‘त्या काळात रुग्ण बरा होता’ असेच वाचले जाते. पूर्वीचे पाठीचे दुखणे असेल तर तेही सांगावे. आधीच नाजूक असलेल्या माणसाला धक्का बसला आणि इजा जास्त झाली, तर जबाबदारी धक्का देणाऱ्याची, हे तत्त्व इंग्लंडमधील न्यायालयाने १९०१ मध्येच मांडले आहे. जुने दुखणे दाव्याला सहसा मारत नाही. ते लपवल्याचे उघडकीस आले की मात्र बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आता सहीविषयी. अपघातानंतर थोड्याच दिवसांत विमा कंपनीकडून फोन येतो. बोलणे अदबीचे असते, तब्येतीची चौकशी होते, संभाषण ध्वनिमुद्रित होत असते, आणि ‘आता बरे वाटते ना?’ या प्रश्नाला सभ्य माणूस सवयीने ‘हो’ म्हणून जातो. पाठोपाठ गाडीची दुरुस्ती आणि दवाखान्याची पहिली बिले भागतील एवढ्या रकमेचा प्रस्ताव येतो. सोबतच्या डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे दावा मिटल्याच्या अंतिम पावतीवर, रकमेचा आकडा ठळक असतो. त्याखाली बारीक अक्षरांत ‘ज्ञात व अज्ञात, आजच्या व भविष्यात उद्भवणाऱ्या सर्व दुखापतींबाबत पूर्ण व अंतिम’ अशा धाटणीचा मजकूर असतो. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तरी त्या कागदावरून मागे येणे फार कठीण. गाडीच्या दुरुस्तीचे पैसे लवकर घ्यायला हरकत नाही, मात्र पावतीवर ‘केवळ वाहनाच्या नुकसानीपोटी’ असे लिहिलेले असले पाहिजे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून मानेच्या हिसक्याच्या दाव्यांत वैद्यकीय अहवालाशिवाय तडजोड करण्यास बंदी आहे. खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी आलेला हा नियम प्रामाणिक जखमींनाही घाईपासून वाचवतो. (त्याच कायद्याने भरपाईच्या रकमा कमी केल्या, ही त्याची कडू बाजू.) अशी बंदी एकाच प्रकारच्या दुखापतीपुरती का असावी, हे मला कळत नाही. दुखापत कोणतीही असो, उपचारांनी आणखी सुधारणा संभवत नाही असे डॉक्टरांनी लेखी दिल्याखेरीज अंतिम पावती ग्राह्यच धरू नये, असे माझे मत आहे.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. सही लांबवणे म्हणजे दावा दाखल करणे लांबवणे नव्हे. इंग्लंडमध्ये त्यासाठी साधारण तीन वर्षे मिळतात, कॅलिफोर्नियात दोन. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत आणली. अर्ज मुदतीत करावा, रकमेची बोलणी मागाहून होऊ शकतात.

पुराव्याला तर तेवढीही मुदत नसते. डॅशकॅममध्ये जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढत राहते, सीसीटीव्हीचेही तेच. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत धडकेच्या आधीच्या काही सेकंदांतील वेग आणि ब्रेक यांची नोंद ठेवणारे यंत्र सक्तीचे आहे. पण मोडकी गाडी भंगारात गेली की ती नोंदही गेली. तेव्हा चित्रण आणि वाहन जपून ठेवण्याविषयीचे पत्र संबंधितांना लगेच, लेखी, पोच घेऊन द्यावे. सीटबेल्ट लावला होता याचा पुरावाही यातूनच मिळतो, आणि तो पैशांत मोजला जातो: बेल्टमुळे इजा पूर्णपणे टळली असती, तर तो न लावणाऱ्याची भरपाई २५ टक्क्यांनी कमी करावी, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७५ मध्ये ठरवून दिले. समाजमाध्यमांवरील हसऱ्या छायाचित्रांबद्दल वेगळे सांगायला नको; दावा तपासणारे तीही पाहतात.

हे सारे ठाऊक असूनही माणसे सही करतात, कारण पगार थांबलेला असतो आणि बिले थांबत नाहीत. अशा वेळी अंतिम निकालाआधी काही रक्कम मागण्याची सोय इंग्लंडच्या न्यायालयांत आहे. ज्या अपघातात विमा कंपनीने चालकाची चूक मान्य केली आहे, तिथे उपचारांची बिले येतील तशी ‘हिशेबापोटी’ (म्हणजे अंतिम भरपाईतून पुढे वळती करायची रक्कम) अशा पावतीवर फेडण्याचे बंधन कंपनीवर सर्वत्र असावे, आणि जखमीने ही मागणी पहिल्याच पत्रात लेखी करावी.

आपला,
विमा दावे विभागातील एक निवृत्त कर्मचारी