आरटीई प्रतिपूर्ती: १७,६७० रुपयांचा हिशेब मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी शाळांत २५ टक्के जागांवर वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना मोफत प्रवेश मिळतो आणि त्यांच्या फीची भरपाई, म्हणजे शुल्क प्रतिपूर्ती, शासन शाळांना देते. या प्रवेशाचे वेळापत्रक लागले की थकीत प्रतिपूर्तीचा वाद ठरल्याप्रमाणे उफाळतो. संस्थाचालक थकबाकी मागतात, शासन पडताळणीकडे बोट दाखवते. पण प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये हा दर निघतो कसा, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(२) नुसार विनाअनुदानित शाळेला शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी रक्कम मिळते. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांवरील वार्षिक आवर्ती (पगारासारख्या नियमित) खर्चाला तिथल्या पटाने भागायचे; अनुदानित शाळा या हिशेबात येत नाहीत. म्हणजे अंशात मुख्यतः शिक्षकांचे पगार आणि छेदात मुले. राज्यात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, महागाई भत्ता वाढतच असतो आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट घसरला आहे. तरी भागाकार वर्षानुवर्षे जागचा हलत नाही! २०२०-२१ साठी तर तो ८,००० वर आणला. त्या वर्षी शिक्षकांचे पगार निम्मे झाले नव्हते.

तुटीचा भार शेवटी कोणावर पडतो? पहिलीच्या १०० जागा आणि ४०,००० रुपये फी असलेली शाळा धरा. २५ मुलांमागे प्रत्येकी २२,३३० रुपये कमी, एकूण ५,५८,२५०. संस्थेने ही तूट उरलेल्या ७५ पालकांवर टाकली तर प्रत्येकी साधारण ७,४४३ रुपये. अर्थात जागा एरवी रिकाम्याच राहणार असतील, तर ही सगळी रक्कम 'तोटा' म्हणून मांडणे हा निव्वळ कांगावा आहे. खरी अडचण १२ हजार फी घेणाऱ्या छोट्या शाळेची. तिला पूर्ण फी मिळायला हवी, पण ती वेळेवर आली नाही तर पगार अडतात.

शाळांचे प्रस्तावही स्वच्छ नसतात. फीमध्ये बस, गणवेश, वह्या घुसवलेल्या असतात. दाखला घेऊन गेलेल्या मुलाचे नाव यादीत तसेच राहते. आधार आणि जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) यांतले आडनाव जुळत नाही. सवलतीत जमीन घेतल्यामुळे काही मुलांना मोफत शिकवण्याची अट आधीच असेल, तर तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती कायद्यानेच मिळत नाही. तीही कधीकधी मागितली जाते. अशी दहा नावे संशयास्पद निघाली तर ती दहा बाजूला ठेवून उरलेल्यांचे पैसे सोडावेत. अख्खा प्रस्ताव परत पाठवला की वर्ष वाया जाते.

९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना २५ टक्क्यांतून वगळले होते. ती उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १९ जुलैला रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे ही जबाबदारी टळत नाही. तेव्हा शासनाने दरवर्षी दराच्या आदेशासोबतच एकूण आवर्ती खर्च, पट आणि शाळानिहाय मंजूर, दिलेली व रोखलेली रक्कम कारणासह संकेतस्थळावर टाकावी.

– एक वाचक