लाईट आल्यावर प्रोग्रॅम कोण उठवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात छोट्या कारखान्यांच्या संगणकीकरणावर लेख आला होता. लायसनचा खर्च वाचतो, तेव्हा लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घ्या, असा त्यात सल्ला होता. सल्ला योग्यच आहे, मी स्वतः सहा वर्षं लिनक्सवर काम करते आहे. पण लेख जिथं संपला तिथूनच आमच्यासारख्यांची खरी अडचण सुरू होते, म्हणून हे पत्र.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. शिक्षण बी.कॉम. संगणकाचं जे येतं ते गरजेपोटी शिकलेलं. आमच्याकडे सुताची आवक आणि तयार मालाची जावक वजनावर चालते. काट्यावरचा आकडा केबलमधून संगणकात येतो, डेटाबेसमध्ये नोंद होते आणि पावती छापली जाते. ती पावती हातात पडल्याशिवाय टेंपो गेटबाहेर जात नाही. संगणकावर डेबियन नावाचं लिनक्स आहे, डेटाबेस मारियाडीबी आहे. दोन्ही फुकट आणि दोन्ही उत्तम.

ज्यांनी हे बसवून दिलं त्यांनी स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडली, त्यात प्रोग्रॅम हातानं चालू केला, दोन पावत्या छापून दाखवल्या आणि बिल घेऊन गेले. जाताना म्हणाले, "ताई, ही खिडकी बंद करू नका, बाकी काही नाही." त्या वर्षीचे मार्च-एप्रिल नीट गेले. मे महिन्यात वळवाचे पाऊस सुरू झाले. सोलापूरकरांना काय सांगायचं! दिवसभर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, संध्याकाळी वारं सुटतं आणि लाईट जाते. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, मग संगणक बंद.

रात्री पावणेअकराला फोन. "अक्का, लाईट आली बगा, पन काट्याचं काय उठंना. टेंपोवाला थांबलाय." आमचे वॉचमन मामा घरी तेलुगू बोलतात, मराठी चांगली येते, इंग्रजी अक्षरं मात्र एकेक करून शोधावी लागतात. मी साखर पेठेत घरी गॅससमोर उभी, ते तिकडं कीबोर्डसमोर. "मामा, डॉट दाबा. आता तिरकी रेघ. नाही, दुसरीकडं झुकलेली. आता के." असं पंचवीस मिनिटं. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या महिन्यात असं चार वेळा झालं आणि चौथ्या वेळी मी रात्री स्कूटी काढून गेले. दुसऱ्या दिवशी बसवणाऱ्यांना फोन केला, तर त्यांनी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, एक ओळ घालून दिली. संगणक चालू झाला की प्रोग्रॅम आपोआप चालू होईल, असं सांगितलं. झालाही. पण डेटाबेस अजून उठलेला नसायचा, तो न सापडल्यामुळे प्रोग्रॅम लगेच बंद पडायचा आणि तो पडला हे बघायला कुणीच नसायचं. क्रॉन एकदा ढकलून देतो, मागं वळून बघत नाही.

माझे वडील भवानी पेठेतल्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणारे, होते. धागा तुटला की माग थांबतो. विणकर धागा जोडतो, हँडल ओढतो, माग पुन्हा चालू. तोच माग परत परत थांबायला लागला की वडील हँडलला हात लावू द्यायचे नाहीत. "पाचदा थांबला ना? मग आधी बीम बघ," असं म्हणायचे; बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ. प्रोग्रॅमवर लक्ष ठेवणारा असा जॉबर लिनक्समध्ये आधीपासून बसलेलाच असतो, हे मला कळलं तेव्हा पहिली आठवण वडिलांची झाली. या जॉबरला म्हणतात सर्व्हिस मॅनेजर. डेबियनमध्ये तो सिस्टिमडी नावानं असतो. संगणक चालू होताना कर्नलनंतर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानंतर, पहिला तोच उठतो, त्याचा नंबरच एक, आणि बाकी सगळ्यांना तो उठवतो. नेटवर्क, प्रिंटर, डेटाबेस सगळं त्याच्या देखरेखीखाली असतं. आमचा काटा तेवढा त्याच्या हजेरीपटावर नव्हता, कारण कुणी त्याचं नाव लिहिलंच नव्हतं.

नाव लिहायचं म्हणजे एक साधी फाइल करायची. माझी बारा ओळींची आहे. वर युनिट असा भाग, त्यात हे काम कशाचं ते एका ओळीत, आणि मारियाडीबी कामाला लागल्यानंतरच याला उठव, अशी सूचना. मधल्या सर्व्हिस या भागात प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून, कुणाच्या नावानं आणि नेमका कोणत्या हुकमानं चालवायचा, आणि पडला तर काय करायचं. खाली इन्स्टॉल या भागात संगणक रोजच्या अवस्थेत आला की यालाही सामील करून घे. एवढंच. पण या बारा ओळी बरोबर यायला मला तीन रविवार लागले. कुठं कुठं अडले ते सविस्तर लिहिते, कारण हे मला मराठीत कुठंच वाचायला मिळालं नाही.

पहिली अडचण क्रमाची. 'आफ्टर' लिहिलं की डेटाबेस आपोआप चालू होईल, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. आफ्टर फक्त रांग ठरवतं, कोण पुढं आणि कोण मागं. त्याला बोलावून आण हे सांगायला 'रिक्वायर्स' किंवा 'वॉन्ट्स' वेगळं लिहावं लागतं. उलट नुसतं रिक्वायर्स लिहिलं तर दोघं एकदमच उठायला लागतात आणि काटा परत आपटतो. दोन्ही ओळी हव्यात.

दुसरी अडचण माझ्या आणि सिस्टिमडीच्या पायवाटेची. माझ्या हातानं चालणारा प्रोग्रॅम त्याच्या हातानं चालेना. मी ज्या फोल्डरमध्ये उभी राहून हुकूम देत होते ते त्याला ठाऊक नव्हतं. मग हुकमाचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहिला आणि कामाचा फोल्डर वेगळ्या ओळीत दिला. प्रोग्रॅम रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावानं, चालवायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. वजनाच्या पावतीसाठी घराच्या सगळ्या किल्ल्या कशाला द्यायच्या? वेगळा युजर काढला, तर त्याला काट्याची केबल वाचायची परवानगी नव्हती. डेबियनमध्ये त्यासाठी युजरला डायलआउट या गटात घालावं लागतं. वरून ती यूएसबीची केबल कधी शून्य नंबरनं यायची, कधी एक नंबरनं. केबलच्या स्वतःच्या ओळखीवरून बनणारा कायमचा पत्ता डेव्ह फोल्डरच्या आत सिरियल, त्यात बाय-आयडी इथं मिळतो. तो दिला आणि तो प्रश्न मिटला.

तिसरी अडचण समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पडला तर पुन्हा उठव, यासाठी मी 'ऑन-फेल्युअर' लिहिलं होतं. पण आमचा प्रोग्रॅम मोठा सभ्य आहे. काटा सापडला नाही की तसा निरोप लिहून शांतपणे, सगळं ठीक असल्याची खूण देऊन बंद होतो. सिस्टिमडीला वाटतं, काम संपवून गेला, मग तो कशाला उठवेल? तिथं 'ऑल्वेज' लिहावं लागलं. आपण स्वतः थांबवला तर ऑल्वेज असूनही तो थांबलेलाच राहतो, ती भीती नको. त्यानंतरही एकदा सकाळी बघते तर बंद. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदवहीत, बघितलं, तर एका सेकंदाच्या आत पाच वेळा उठून पाच वेळा पडलेला आणि पुढं सिस्टिमडीनं हात टेकल्याची नोंद. दोन प्रयत्नांमध्ये तो मुळात फक्त शंभर मिलिसेकंद थांबतो, आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की नाद सोडतो. पाच! वडिलांचाच आकडा. काट्याला मात्र लाईट आल्यावर स्थिर व्हायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून दोन प्रयत्नांमधलं अंतर मी दहा सेकंद केलं. आता पाचाची मर्यादा गाठलीच जात नाही, काटा तयार होईपर्यंत तो शांतपणे प्रयत्न करत राहतो.

बाकी दोन गोष्टी छोट्या, पण नवख्याला हमखास फसवणाऱ्या. फाइल बदलली की डीमन-रीलोड हा हुकूम द्यायचा, नाहीतर सिस्टिमडी जुनीच फाइल धरून बसतो. आणि 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू कर, 'इनेबल' म्हणजे इथून पुढं दरवेळी चालू कर. नुसतं स्टार्ट करून समाधानानं घरी गेलं की पुढची लाईट जाईपर्यंतच ते समाधान.

या सिस्टिमडीबद्दल जगभर वाद झाले, हे मला नंतर कळलं. 2010 साली लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी तो सुरू केला, 2011 मध्ये फेडोरा या दुसऱ्या लिनक्सनं घेतला, 2015 मध्ये डेबियनची आठवी आवृत्ती त्यासह आली. एकाच जागी फार अधिकार गोळा होतात, या आक्षेपापायी काही मंडळींनी डेबियनपासून फुटून देव्हुआन काढलं. दुसरे जॉबरही आहेत. व्हॉइड लिनक्समध्ये रनइट असतो, तिथं एक फोल्डर करून त्यात रन नावाची दोन-तीन ओळींची फाइल ठेवायची आणि त्याचा दुवा ठरलेल्या जागी जोडायचा, की काम सुरू. अल्पाइनमध्ये ओपनआरसी आहे. मला त्या वादात बाजू घ्यायची नाही. कुठलाही चालेल, पण जॉबर हवा आणि आपल्या कामाचं नाव त्याच्याकडे लिहिलेलं हवं.

संपादक महोदय, आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगते. माझी पुतणी कॉम्प्युटरचा कोर्स करते. लिनक्स टाकायला तिला शिकवलंय, फोल्डर करायला, फाइल हलवायला, परवानग्या द्यायला येतात. मी तिला विचारलं, तू लिहिलेला प्रोग्रॅम लाईट जाऊन आल्यावर चालू कोण करेल? ती म्हणाली, "काकू, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही." तिचा दोष नाही. पण याच मुली-मुलं उद्या गावातल्या पतसंस्थेत, वाचनालयात, दवाखान्यात, कारखान्यात प्रोग्रॅम बसवायला जाणार आहेत. माझी आयटीआय, पॉलिटेक्निक आणि खासगी क्लासच्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. एक प्रात्यक्षिक याचं ठेवा. फार तर दोन तास लागतात. मुलांना एक सर्व्हिसची फाइल लिहायला लावा, मग मुद्दाम तो प्रोग्रॅम मारा आणि तो उठतो का ते बघायला लावा. नाही उठला तर जर्नल वाचायला लावा. मला सगळ्यात जास्त त्या जर्नलनंच शिकवलं, आणि ते कसं उघडायचं तेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि माझ्यासारख्या कारखान्यांना, दुकानांना. बिलाची शेवटची रक्कम देण्याआधी बसवणाऱ्याला समोर बसवा. बॅकअप घ्या, संगणक रीतसर बंद करा आणि भिंतीवरचं बटन बंद करा. पाच मिनिटांनी बटन चालू करा आणि कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही. संगणक स्वतःहून चालू व्हायला हवा. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर चालू हो, अशी सोय बहुतेक यंत्रांत असते, ती लावून घ्या. मग प्रोग्रॅम उठायला हवा आणि पावती छापून यायला हवी. आली तर चेक द्या. शिवाय ती फाइल छापून मागून घ्या. आमची फाइल काट्याच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, प्रत्येक ओळीखाली मराठीत तिचा अर्थ लिहून. मी उद्या नसले तरी ती वाचून दुसऱ्या कुणाला काम पुढं नेता येईल.

गेल्या मे महिन्यात लाईट अकरा वेळा गेली, मी वहीत टिपून ठेवलं आहे. रात्रीचा एकही फोन आला नाही. एकदा मीच राहवलं नाही म्हणून वॉचमन मामांना फोन केला, तर म्हणाले, "आली की अक्का लाईट मगाशी. टेंपो गेला पन."

बटन बंद करून बघायची ही चाचणी आम्ही आता दर तीन महिन्यांनी करतो. पुढची खंडेनवमीला आहे, मागांची पूजा असते आणि कारखाना तसाही बंद असतो. कुणाला बघायला यायचं असेल, फाइल उतरवून घ्यायची असेल, तर जरूर यावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक हिशेबनीस वाचक
साखर पेठ, सोलापूर