काराबाख आणि वेळेवर न आलेली मदत

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या समेटाबद्दल आपल्याकडे जे छापून येतं, त्यात वॉशिंग्टनमधली ८ ऑगस्ट २०२५ ची भेट आणि हस्तांदोलनाचा फोटो हमखास असतो. तिथपर्यंत गोष्ट कशी पोचली, हे मात्र राहून जातं. गेली पाच वर्षं मी त्या भागाच्या बातम्या जमतील तशा वाचतो आहे. माझं मत असं झालं आहे, की दक्षिण कॉकेशसमधली मैत्रीची गणितं ड्रोन-तोफांनी बदलली त्याहून जास्त, वेळेवर न आलेल्या मदतीने बदलली.

काराबाख हा अझरबैजानमधला, पण आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ प्रदेश. त्यावरून या दोन देशांत २७ सप्टेंबर २०२० ला सुरू झालेलं युद्ध ४४ दिवस चाललं. दोन्हीकडचे मिळून सहा हजारांहून अधिक सैनिक गेले. अझरबैजानच्या पाठीशी तुर्की उघडपणे उभा होता, त्यांच्याकडे तुर्की ड्रोन होते आणि इस्रायलकडून घेतलेली शस्त्रं होती. आर्मेनियाची भिस्त रशियावर. अखेर रशियानेच युद्धबंदी घडवली आणि १,९६० शांतिसैनिक काराबाखमध्ये आणून बसवले.

आर्मेनिया हा रशियाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सामूहिक सुरक्षा करार संघटनेचा सदस्य. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, असं त्या करारात लिहिलेलं आहे. काराबाख आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानचा भाग, म्हणून २०२० मध्ये तो करार लागू झाला नाही, हे एक वेळ समजू शकतं. पण सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द आर्मेनियाच्या भूमीवर मारा झाला, तेव्हा येरेवानने, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीने, मदत मागितली आणि आले ते फक्त पाहणी करणारे. रशिया तोवर युक्रेनमध्ये पुरता अडकला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये येरेवानलाच भरलेल्या या संघटनेच्या शिखर बैठकीत आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सही करायला नकार दिला. यजमानानेच सही नाकारणं ही लहान गोष्ट नव्हे.

पुढचं मला आजही अस्वस्थ करतं. डिसेंबर २०२२ पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा एकमेव रस्ता अडवला गेला. औषधं, इंधन आणि शेवटी पावसुद्धा मिळेनासा झाला. शांतिसैनिक तिथेच होते. १९ सप्टेंबर २०२३ ला अझरबैजानने हल्ला केला आणि एका दिवसात सगळं संपलं. आठवडाभरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार सोडून निघाले. डोंगरातल्या त्या वळणावळणाच्या रस्त्यावर मोटारींची संपता न संपणारी रांग, टपांवर बांधलेल्या गाद्या. काराबाखचं मुख्य शहर स्टेपानाकेर्ट, त्याच्याजवळच्या इंधन साठ्यावर लोक गाडीत घालण्यापुरतं पेट्रोल मिळावं म्हणून थांबले होते, तिथे स्फोट झाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. पळून जाण्यासाठी लागणाऱ्या पेट्रोलच्या रांगेत!

यानंतर आर्मेनियाने एकेक दोर सोडवायला घेतला. २०२४ च्या सुरुवातीला रशियाच्या त्या सुरक्षा संघटनेतला सहभाग गोठवला, येरेवानच्या विमानतळावरचे रशियन सीमारक्षक परत पाठवले. युरोपीय संघाचे निरीक्षक सीमेवर आणणं आणि भारताकडून पिनाका रॉकेट यंत्रणा घेण्याचा करार, हे तर त्याआधीच सुरू झालं होतं. पाकिस्तान अझरबैजान आणि तुर्कीच्या बाजूने असल्यामुळे ही खरेदी केवळ व्यापार राहत नाही, हे आपल्याकडच्या बातम्यांत क्वचितच सांगितलं जातं. इराणची तऱ्हा तर आणखी वेगळी. लोकसंख्या बहुतांशी शिया असलेल्या अझरबैजानपेक्षा त्याला ख्रिस्ती आर्मेनियाची सीमा अबाधित राहणं महत्त्वाचं वाटतं, कारण उत्तरेकडे जायचा त्याचा रस्ता आर्मेनियाच्या दक्षिणेकडच्या स्यूनिक प्रांतातूनच जातो. शेजारी राष्ट्रांचं नातं फक्त धर्मावरून ओळखू पाहणाऱ्यांनी हा नकाशा एकदा नीट बघावा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीत भीषण भूकंप झाला, तेव्हाची एक घटना मी विसरू शकत नाही. अरास नदीवरच्या मार्गारा पुलावरून आर्मेनियाचे मदतीचे पाच ट्रक पलीकडे गेले. १९९३ मध्ये बंद झालेली आर्मेनिया-तुर्की सीमा तीस वर्षांनी उघडली, आणि तीही लाचिनचा रस्ता अडवलेला असताना. ट्रक गेले आणि सीमा पुन्हा बंद झाली. तरीही पुढच्या बोलण्यांना त्या पाच ट्रकांचा आधार होता, असं मला वाटतं.

वॉशिंग्टनमध्ये शांतता कराराच्या मसुद्यावर परराष्ट्रमंत्र्यांची फक्त आद्याक्षरं पडली, अंतिम सह्या झाल्या नाहीत. आर्मेनियाने आधी राज्यघटना बदलावी, ही बाकूची, म्हणजे अझरबैजानच्या सरकारची अट. अझरबैजानला त्याच्याच नाखिचेवान या वेगळ्या पडलेल्या भागाशी स्यूनिकमधून जोडणाऱ्या मार्गाची चर्चा जगभर झाली. त्या लाखभर विस्थापितांच्या परतीचं काय, हे फारसं कोणी विचारलं नाही. पहिल्या युद्धात, १९९० च्या दशकात, लाखो अझेरींनाही असंच घर सोडावं लागलं होतं. त्यांचं अगदाम शहर पुढची जवळजवळ तीस वर्षं ओसाड पडून होतं. दोन्हीकडच्या या माणसांना एकमेकांचं दुःख कळायला हवं.

आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा कोणत्या राजधानीने काय कमावलं याच्या सोबतीने स्टेपानाकेर्ट आणि अगदामच्या माणसांनाही जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक