लाय की ले, आणि बाकीची भावंडं

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, इंग्रजीतल्या लाय (lie, आडवं होणं) आणि ले (lay, ठेवणं) मध्ये परत घोळ झाला म्हणून वैतागलायस ना, अरे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ते लोकही बोलताना यात सर्रास गडबडतात. तू फक्त ते अर्थांचे तक्ते पाठ करणं सोड, ऐन बोलताना त्यातलं काही आठवत नाही.

त्यापेक्षा क्रियापदाच्या पुढे काय येतंय ते बघ. झाड पडलं आणि झाड पाडलं यात आपण कधी चुकतो का? इंग्रजीत पण तेच आहे, आपोआप पडलं तर फॉल (fall), कोणी पाडलं तर फेल (fell). सिट-सेट, राईज-रेझ, लाय-ले सगळी याच पठडीतली. द सन रायझेस, तो आपला आपण वर येतो. पण रेझ युअर हॅंड, कारण पुढे हात आहे. तसंच स्वतः आडवं व्हायचं तर लाय डाउन आणि पुस्तक टेबलावर ठेवायचं तर ले द बुक ऑन द टेबल.

आता खरी गंमत, लायचा भूतकाळच ले होतो!! म्हणजे काल दुपारभर लोळत पडलास तर आय ले इन बेड ऑल आफ्टरनून, आणि काल पुस्तक ठेवलंस तर आय लेड द बुक. सगळी गोची इथेच होते. फॉलचं पण तसंच बघ, त्याचा भूतकाळ फेल, आणि पाडणं पण फेल, फक्त पाडलं म्हणताना फेल्ड. लायचं तिसरं रूप लेन, ते बोलण्यात क्वचितच येतं, टेन्शन घेऊ नकोस. खोटं बोलणारं लाय वेगळंच, ते साधं सरळ, भूतकाळ लाइड.

से आणि टेलचं सोपं आहे, टेलला लगेच माणूस लागतो, ही टोल्ड मी. सेला मध्ये टू हवा, ही सेड टू मी. आपण "तो मला म्हणाला" वरून थेट "ही सेड मी" करतो आणि फसतो, एक्सप्लेनचं पण तेच, "एक्सप्लेन मी" नाही, एक्सप्लेन इट टू मी. (टेल द ट्रूथ, टेल अ स्टोरी मात्र माणसाशिवाय चालतं, असतात असे लाडावलेले.)

सी म्हणजे दिसणं, लुक ॲट म्हणजे मुद्दाम बघणं, हिअर आणि लिसन टू पण तसेच, ऐकू येणं आणि कान देऊन ऐकणं. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे देणं, संपलं.

मेक आणि डूला मात्र माझ्या मते धड नियम नाही, लोक उगाच बनवून सांगतात. मेक अ मिस्टेक, मेक अ डिसिजन, डू होमवर्क, डू मी अ फेवर, हे असं नामासकटच तोंडात बसवायचं, पाठांतर करायचंच तर इथे कर.

आता लाय आणि ले वापरून कालच्या दिवसाची चार-पाच वाक्यं लिहून पाठव, ऑटोकरेक्ट बंद करून हां.

तुझाच