डोक्याला बसलेला मुका मार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा कागद बाजूला ठेवला, कारण लिहायचं तर घरातलं सांगावं लागतं. शेवटी यांना विचारलं. ‘नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही,’ म्हणाले. म्हणून लिहिते आहे.

आम्ही ऐरोलीला राहतो. घराजवळच्या मैदानावर संध्याकाळी मुलं-मुली हॉकी शिकायला येतात आणि माझे पती रोज कठड्यापाशी बसून त्यांचा खेळ बघतात. गेल्या महिन्यात सराव सामन्यात चौदा वर्षांच्या एका मुलीच्या कानशिलावर चेंडू बसला. ती गुडघ्यावर बसली. शिकवणारा मुलगा धावत गेला, बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, दोन बोटं समोर धरून विचारलं, ‘किती?’ ती म्हणाली, ‘दोन.’ ‘शाब्बास, जा पळ.’ आणि ती गेलीही. पण ती राइट हाफ खेळणारी मुलगी जाऊन डाव्या बाजूला उभी राहिली. कोणाच्या लक्षात आलं नाही. हे उठले, खेळ चालू असताना मैदानात गेले, तिच्या हातातली स्टिक घेतली आणि तिला बाहेर आणून बसवलं.

मुलीचे वडील धावत आले. ‘काका, रविवारी तिची ट्रायल आहे. ती म्हणतेय ना मी ठीक आहे?’ हे काही बोलले नाहीत, स्टिकही सोडली नाही. पंधरा मिनिटांनी मुलीला उलटी झाली. दुसरी झाल्यावर वडिलांनी स्वतःच रिक्षा थांबवली.

त्या वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. ज्याच्या घरात एकच कमावता आहे त्याला ट्रायल म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. आमच्या घरात हेच झालं होतं.

हे व्यावसायिक हॉकी खेळायचे. आपल्याकडे बहुतेकांसाठी त्याचा अर्थ इतकाच, की एका खात्याच्या संघाकडून, स्टायपेंडवर, वर्षावर्षाच्या कराराने खेळायचं आणि चांगला खेळलात तर कायम नोकरीच्या यादीत नाव. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे नियमभंगामुळे समोरच्या संघाला गोलसमोर मिळणारी संधी, अडवताना हे पहिले धावायचे. गोलरेषेवरून सुटायचं आणि फ्लिक मारणाऱ्याच्या, म्हणजे स्टिकनं चेंडू उचलून गोलकडे भिरकावणाऱ्याच्या, अंगावर जायचं. हॉकीचा चेंडू हातात घेऊन बघा, दीडशे ग्रॅमच्या वर वजन, दगडासारखा कडक, आणि चांगल्या खेळाडूची फ्लिक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. हेल्मेट फक्त गोलकीपरला. आता अडवणारे मुखवटे घालतात, तेव्हा आमच्याकडे कोणी घालत नसे.

२००७ च्या जानेवारीत असाच एक चेंडू यांच्या कानाच्या वर बसला. पडले आणि उठले. शुद्ध गेली नाही, रक्ताचा थेंब नाही. पाणी, स्प्रे, आणि उरलेली वीस मिनिटं खेळले. नऊ दिवसांनी पुढच्या सामन्यात टक्कर होऊन समोरच्याचं कोपर त्याच जागी लागलं. पुन्हा पाणी, पुन्हा खेळ. मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल, असं सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो.

घरी आले की ट्यूबलाइट बंद करायला सांगायचे. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात. मुलगी तीन वर्षांची होती, तिच्या हसण्यानंसुद्धा चिडायचे आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन अंधारात बसायचे. ज्या माणसाला अख्ख्या मोसमाचे स्कोअर पाठ असायचे, तो कालनिर्णयच्या पानामागे उद्याच्या सरावाची वेळ आणि मैदानाचं नाव लिहून ठेवू लागला. मी ठाण्याला पोस्टात काउंटरवर होते. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर नऊ नंबर फलाटावर भेटून आम्ही एकत्र घरी यायचो. एकदा मला उशीर झाला. पोचले तर हे पुलाच्या जिन्याखाली पास हातात धरून उभे. समोर वाशीची गाडी लागलेली. मला बघून चेहरा सुटला आणि अगदी हळू विचारलं, ‘अगं, आपल्याला कुठे जायचंय?’ ऐरोली तेव्हा ठाण्याच्या पुढचंच स्टेशन होतं.

दवाखान्यात गेलो. सीटी स्कॅन काढला. रिपोर्ट नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका, झोप पूर्ण करा,’ इतकंच सांगितलं. कागदावर काही नाही म्हटल्यावर यांनाही वाटू लागलं की आपणच ढिले पडलोय. मला म्हणाले, ‘कोणाला बोलू नकोस, मार्चमध्ये यादी लागते.’ मी बोलले नाही. ते खेळत राहिले. पेनल्टी कॉर्नरला सुटताना पाव सेकंद उशीर होऊ लागला. पाय जड झालेत असा शेरा पडला. मार्चच्या यादीत नाव नव्हतं आणि करारही पुढे गेला नाही. एकतिसाव्या वर्षी खेळ संपला. डोकेदुखी पूर्ण थांबायला त्यानंतर दीड वर्ष गेलं. आजही लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की हे बाहेर जाऊन उभे राहतात.

कोणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तेव्हा आमच्याकडे माहीत कोणालाच नव्हतं. आता माहीत आहे, आणि तरीही तीच पाण्याची बाटली आणि तीच दोन बोटं चालू आहेत, याचं मला दुःख होतं.

हा मार नेमका काय असतो ते सोप्या शब्दांत सांगते. वाळलेला नारळ कानाशी धरून हलवला की आतला गोटा खुळखुळतो. करवंटीला साधी चीरही नसते, पण आत गोटा आपटत असतो. डोक्याला झटका बसला की कवटीतला मेंदू तसाच हिंदकळतो, पिळवटतो. इंग्रजीत त्याला कन्कशन म्हणतात. बिघाड मेंदूच्या कामात होतो, म्हणून साध्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असंही नाही, बहुतेकांची हरपत नाही. हेल्मेटनं कवटी फुटायची वाचते, आतलं हिंदकळणं थांबत नाही. आणि पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर त्रास कितीतरी लांबतो. लहान वयात तर क्वचित मेंदूला अचानक सूज येऊन जीवही जातो.

माझी भाची कॅनडात टोरांटोला असते. तिचा मुलगा बर्फावरची हॉकी खेळतो. मागे फोनवर म्हणाली, ‘मावशी, दरवर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचली असं आम्हा आईबापांना लिहून द्यावं लागतं.’ त्यांच्या ऑन्टारियो प्रांतात तसा कायदाच आहे, २०१८ साली झालेला. रोवन स्ट्रिंगर या सतरा वर्षांच्या मुलीच्या नावाचा. शाळेच्या रग्बी संघाची ती कप्तान. २०१३ साली काही दिवसांच्या अंतरानं डोक्याला मार बसत गेले, ती खेळत राहिली आणि गेली.

त्यानंतर मी भाचीकडून बरंच समजून घेतलं. बर्फावरच्या हॉकीत अंगावर जाऊन धडक देणं हा खेळाचाच भाग. तिथला सिडनी क्रॉस्बी म्हणजे आपल्याकडे सचिन म्हणावा असा माणूस. २०११ च्या १ जानेवारीला त्याला डोक्यावर धडक बसली, पुढच्या सामन्यात तो उतरला, ५ जानेवारीला पुन्हा लागलं. त्यानंतर थेट २१ नोव्हेंबरला तो मैदानात दिसला. आठ सामन्यांनी पुन्हा त्रास सुरू झाला आणि पुन्हा मार्चपर्यंत बाहेर. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचे नऊ दिवस आले. त्याचे चार, यांचे नऊ. फरक इतकाच, की क्रॉस्बीचा करार शाबूत होता. तो महिनोन्‌महिने थांबू शकला आणि परत येऊन त्यानं ऑलिम्पिकचं सुवर्णपदकही घेतलं. आमच्याकडे थांबणं परवडणारं नव्हतं.

सगळ्यांच्या नशिबी परत येणं नसतं, तिकडेही नाही. ब्रेट लिंड्रोस या मुलाला १९९६ साली, विसाव्या वर्षी, डोक्याच्या दुखापतींमुळे खेळ सोडावा लागला. स्टीव्ह मोंटाडोर ३५ व्या वर्षी, २०१५ साली गेला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा सीटीई सापडला. वर्षानुवर्षं मार खाऊन मेंदूला जडणारा हा विकार, त्याचं पक्कं निदान अजून तरी मृत्यूनंतरच होतं. आम्हाला धोक्याची कल्पना दिली नाही म्हणून तीनशेहून अधिक माजी खेळाडू एनएचएल या त्यांच्या लीगविरुद्ध न्यायालयात गेले होते. २०१८ साली सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरवर तडजोड झाली, लीगनं जबाबदारी मात्र मान्य केली नाही. हे वाचून यांना मी रात्री विचारलं होतं, भीती वाटते का. म्हणाले, ‘मला दोनच लागले. ज्यांना मोजतासुद्धा येत नाहीत त्यांची वाटते.’

आपल्याकडच्या क्रिकेट रसिकांना नरी कॉन्ट्रॅक्टर आठवतील. १९६२ साली बार्बाडोसला चेंडू डोक्यावर बसला आणि कप्तानाची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याचा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये यायला त्यानंतर २०१९ साल उजाडलं. हॉकीत तर असा वेगळा नियम करायचीही गरज नाही. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. एक मुलगी बाहेर बसली तर संघ दहाचा होत नाही. एवढं सोपं असूनही आपण तिला परत पाठवतो, हे मला समजत नाही.

माझं मागणं मोठं नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका स्पर्धांना मैदानं देतात. परवानगीच्या अटींत आणखी एक घालावी: दोन्ही संघांशी संबंध नसलेला एक माणूस मैदानावर असावा आणि डोक्याला लागलेल्या खेळाडूला बाहेर बसवायचा शेवटचा अधिकार त्याचा असावा. प्रशिक्षकाचा नाही, वडिलांचा नाही आणि खेळाडूचा तर नाहीच. यांच्या हातात तो अधिकार असता तरी यांनी वापरला नसता, हे मी घरात राहून बघितलं आहे. त्या माणसानं बोटं दाखवू नयेत. विचारावं: आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा डाव चाललाय? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना कोणाशी झाला? तो जिंकलो की हरलो? एकही उत्तर अडलं तर त्या दिवशी खेळ बंद. उत्तरं बरोबर आली तरी डोकं दुखतंय, गरगरतंय, मुलगी नेहमीसारखी वागत नाहीये असं वाटलं, तरीही बंद. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड, झटके, हातापायातली शक्ती जाणं यातलं काही दिसलं तर घरी न नेता थेट मोठं रुग्णालय.

दुसरं मागणं संघ ठेवणाऱ्या खात्यांकडे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूसाठी तुम्ही थांबता, कारण प्लास्टर दिसतं. डोक्याला लागलेल्यालाही थांबायची मुभा द्या. डॉक्टरांनी लिहून दिलं की तेवढे महिने स्टायपेंड चालू राहील आणि त्या काळातल्या खेळावर शेरा पडणार नाही, एवढं करारात छापा. ते छापलेलं असतं तर ‘कोणाला बोलू नकोस’ असं हे मला म्हणाले नसते, आणि मी ऐकलंही नसतं.

ती मुलगी बरी आहे. ट्रायल गेली. पहिले दोन दिवस विश्रांती, मग थोडं चालणं, मग शाळा. शाळा पूर्ण वेळ झाल्यावर धावणं. तिसऱ्या फेरीला डोकं दुखलं तेव्हा यांनी थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली येऊन पुन्हा चालण्यापासून सुरू केलं. सामना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही, हे आता तिचे वडीलच सगळ्यांना सांगतात. तिची स्टिक इतके दिवस आमच्या दारामागे उभी होती. रोज संध्याकाळी येऊन विचारायची, ‘काका, आज?’ परवा यांनी ती तिच्या हातात दिली, इमारतीच्या मागच्या भिंतीवर पास मारायला. चेंडू मात्र टेनिसचा दिलाय.

आपली,
एका हॉकीपटूची पत्नी
ऐरोली, नवी मुंबई
(नाव छापू नये, ही विनंती.)