कॅसेटवरून सीडी करण्याच्या यंत्राबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : यूएसबी कॅसेट प्लेअरचा वेग चुकीचा असल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

घरच्या जुन्या कॅसेटच्या सीडी करण्यासाठी मी आपला यूएसबी कॅसेट प्लेअर त्यासोबतच्या सॉफ्टवेअरसह घेतला. या कॅसेटमध्ये माझ्या गाण्याच्या बाईंनी दिलेली तालीम आहे. बाई आता हयात नाहीत आणि या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत कुठेही नाही.

मुख्य तक्रार वेगाची आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. आपल्या यंत्रात ती साधारण सहा टक्के जास्त वेगाने पळते. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू माझ्या जुन्या डेकवर ३० मिनिटं चालते, तीच आपल्या यंत्रावर साडेअठ्ठावीस मिनिटांच्या आत संपते. सहा टक्के म्हणजे गाण्यात अर्धा स्वर. बाई पेटीच्या काळी एक या पट्टीत गायच्या, सीडीवर त्या अर्धा स्वर वरच्या पांढरी दोन या पट्टीत गातात. आवाज पातळ, लय चढलेली. त्यांना ओळखणारं कुणीही ऐकताक्षणी सांगेल की या बाई नव्हेत.

आपल्या हेल्पलाइनवर सांगण्यात आलं की कॅसेट जुन्या झाल्या की असंच होतं. हे मला मान्य नाही. जुन्या कॅसेटमध्ये खरखर वाढते, तार स्वरांची धार जाते. फीत ताणली गेली असेल, तर स्वर उतरतो, चढत नाही. शिवाय त्याच कॅसेट जुन्या डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनला जोडल्या की पट्टी बरोबर येते. दोष फितीत नाही, यंत्रात आहे.

वेग नुसता जास्त असता, तर ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो कमी करून घेता आला असता. पण तो स्थिरही नाही. बाई षड्ज (सा) लावून थांबतात, तिथे तो स्वर हेलकावे खातो. हे नंतर घरी दुरुस्त होण्यासारखं नाही. मोटरचा वेग जुळवायला यंत्र उघडावं, तर सील तुटून वॉरंटी जाते.

ध्वनीची पातळीही यंत्र स्वतःच ठरवतं, ते बंद करायची सोय नाही. स्वर विरत जाऊन शांतता येते, नेमकी तिथे खरखर उसळून वर येते आणि पुढची सुरावट सुरू झाली की एकदम दबते. आलापातली शांतता गाण्याचाच भाग असते. आपलं सॉफ्टवेअर मात्र तिला गाणं संपल्याची खूण समजून तिथे नवा ट्रॅक पाडतं आणि सीडी लिहिताना मध्ये दोन सेकंदांची पोकळी घालतं. एका आलापाचे तुकडे तुकडे झाले आहेत.

खोक्यावर ‘सीडीचा दर्जा’ असं छापलं आहे. ऑडिओ सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, असतात. आपलं सॉफ्टवेअर आधी एमपीथ्री करतं आणि त्यावरून सीडी लिहितं. एमपीथ्री करताना गाळलेला आवाज सीडीवर परत येत नाही, तेव्हा ही छपाई ग्राहकाची दिशाभूल करते. ९० मिनिटांची कॅसेट ८० मिनिटांच्या सीडीवर मावत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण उरलेला भाग कसलीही सूचना न देता गाळणं समजण्यासारखं नाही.

जुनी फीत दर वेळी वाजवताना थोडी झिजते. त्यामुळे ‘पुन्हा एकदा करून पाहा’ हा सल्ला कृपया देऊ नये. मला दुसरं यंत्रही नको. पूर्ण रक्कम परत करावी, यंत्र आपल्या खर्चाने घेऊन जावं आणि खोक्यावरचा मजकूर दुरुस्त करावा. लेखी उत्तर १५ दिवसांत न मिळाल्यास मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत; एकाच कॅसेटचे डेकवरून आणि आपल्या यंत्रावरून घेतलेले दोन नमुने