सीसी कमी म्हणून ब्रेकही कमी का? : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी डाव्या हाताच्या एका बोटाने टंकलिखित करत आहे, त्यामुळे ते पूर्ण व्हायला चार दिवस लागले. उजव्या मनगटात बसवलेल्या दोन तारा मागच्या आठवड्यात काढल्या. प्लास्टर निघाले असले तरी मूठ अजून पूर्ण मिटत नाही आणि खडू धरला की तो गळून पडतो. मी ३४ वर्षांची प्राथमिक शिक्षिका आहे. खडू धरता न येणे म्हणजे माझ्यासाठी काय, हे आपल्यासारख्या अनुभवी लोकप्रतिनिधीला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

जून २०२५ मध्ये माझी बदली घरापासून २६ किलोमीटर दूर असलेल्या शाळेत झाली. तिथे जाणारी सकाळची एकमेव बस पोहोचते तेव्हा परिपाठ संपून पहिला तास सुरू झालेला असतो. म्हणून आयुष्यात प्रथमच गिअरची गाडी शिकायचे ठरवले. बाईमाणसाने स्कूटर घ्यावी, असे मला अनेकांनी सुचवले. परंतु त्या रस्त्याचे शेवटचे ९ किलोमीटर मी पाहिले होते. स्कूटरचे दहा-बारा इंची चाक ज्या खड्ड्यात अडकते, तो खड्डा मोटरसायकलचे अठरा इंची चाक निभावून नेते. त्यामुळे विचार करूनच मी १०० सीसीची, वजनाला हलकी आणि पेट्रोलला परवडणारी मोटरसायकल निवडली. माझ्या बजेटमध्ये तिचे सर्वांत खालचे मॉडेल बसत होते, आणि त्या मॉडेलला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक होते.

त्याच सुमारास आपल्या मंत्रालयाच्या मसुदा अधिसूचनेची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती. १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या सर्व मोटरसायकली आणि स्कूटरींना, इंजिन १२५ सीसीहून लहान असले तरी, एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा, बसवावे आणि प्रत्येक नव्या गाडीबरोबर कंपनीने बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकाची दोन हेल्मेट द्यावीत, असा तो प्रस्ताव होता. बातमी वाचून मला खरोखर आनंद झाला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. शोरूममध्ये गेल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला. विक्रेत्याने दिलेले उत्तर मला शब्दशः आठवते : "मॅडम, तो नियम अजून मसुद्यात आहे. आणि ह्या गाडीला एबीएस लागतं कशाला? ही पळते किती?"

महोदय, त्या मुलाचा मला राग आला नाही. तो जे बोलला तेच गेली अनेक वर्षे आपल्या नियमांत लिहिलेले आहे. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्वच नव्या दुचाकींना जो नियम लागू झाला, त्यात १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस सक्तीचे केले गेले आणि त्याखालच्या गाडीला सीबीएस, म्हणजे एकत्रित ब्रेक, पुरेसे मानले गेले. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की त्या दाबाचा काही भाग पुढच्या चाकाकडेही जातो. नवशिक्या माणूस पुढचा ब्रेक वापरायला घाबरतो, त्याला त्याचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे. परंतु चाक फिरायचे थांबून घसरू लागले आहे, हे सीबीएसला कळत नाही. ते एबीएसला कळते, कारण चाकाचा वेग मोजणारा सेन्सर त्यात असतो. चाक अडकू लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सोडला जातो आणि पुन्हा दिला जातो, हे एका सेकंदात अनेकदा घडते आणि चाक फिरत राहते. अनुभवी चालकाच्या बोटांना हे काही प्रमाणात साधते. ज्याला ते साधत नाही, त्या नवशिक्याच्या गाडीलाच आपण त्यातून वगळले, कारण त्याच्या गाडीचे इंजिन लहान आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी शाळेत निघाले होते. माझे पक्के लायसन्स तेव्हा १९ दिवसांचे होते. पाऊस थांबला होता, पण शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर काळ्या मातीचे दोन लांब पट्टे ओढून ठेवले होते. माझा वेग ताशी ४० च्या आसपास असेल. बांधावरून सायकल घेऊन एक मुलगा थेट रस्त्यावर उतरला. मी एकाच वेळी क्लच आणि पायाचा ब्रेक दाबला, तोही पूर्ण ताकदीने. क्लच दाबल्यामुळे चाकाचा इंजिनाशी संबंध तुटला, मागचे चाक जागीच अडकले, आणि गाडी माझ्याखालून उजवीकडे अशी निघून गेली, जणू कोणी सतरंजी ओढली. मुलगा वाचला, याचे समाधान मला आजही आहे. माझा उजवा हात जमिनीवर टेकला गेला आणि मनगटाचे हाड मोडले. हेल्मेटच्या उजव्या बाजूचा रंग बोटभर रुंदीच्या पट्ट्यात घासून आतले पांढरे कवच दिसू लागले आहे. ते हेल्मेट मी जपून ठेवले आहे. आपल्या कार्यालयाला हवे असल्यास पाठवून देईन.

ते हेल्मेट माझे स्वतःचे, दुकानातून विकत घेतलेले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १३८ नुसार दुचाकी विकताना बीआयएस मानकाचे हेल्मेट पुरवणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि हा नियम आपल्या नव्या मसुद्याच्या कितीतरी आधीपासून पुस्तकात आहे. माझ्या बिलावर 'ॲक्सेसरीज' या एका शब्दाखाली सीट कव्हर, क्रॅश गार्ड, साडी गार्ड आणि हेल्मेट यांचे पैसे एकत्र लावलेले होते. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षक साधन मोटरसायकलला असलेच पाहिजे, असे नियम १२३ सांगतो. म्हणजे ज्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तेच मला हौशीची वस्तू म्हणून विकले गेले. आणि मिळालेले हेल्मेट इतके हलके होते की कानाजवळ अंगठ्याने दाबले तर आत जात होते. ते मी घरी ठेवून दुसरे घेतले. तसे केले नसते तर आज हे पत्र कदाचित माझ्या भावाने लिहिले असते. एक हेल्मेट देण्याचा जुना नियम शोरूमच्या काउंटरवर पाळला जात नसताना दोन हेल्मेट देण्याचा नवा नियम कोण पाळून घेणार आहे, याचे उत्तर मला त्या मसुद्याच्या बातमीत कुठेही सापडले नाही.

लायसन्सच्या परीक्षेबद्दल काय लिहावे? मी पहिल्या गिअरमध्ये, पायी चालण्याच्या वेगाने, आठचा आकडा काढला. पाय जमिनीला टेकला नाही, म्हणून मी उत्तीर्ण झाले. परीक्षार्थीला आणीबाणीच्या प्रसंगी वाहन थांबवता येते की नाही हे तपासावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ मध्ये लिहिले आहे. त्या दिवशी माझ्यासमोर जवळजवळ चाळीस जणांनी परीक्षा दिली; एकालाही वेगात येऊन ब्रेक लावून दाखवायला सांगितले गेले नाही. मी आयुष्यात प्रथम जोरात ब्रेक लावला तो त्या चिखलात. चारचाकी शिकवणारे क्लास गावोगावी आहेत. मोटरसायकल मात्र ज्याने त्याने मोकळ्या मैदानावर मामाकडून, दिरांकडून किंवा मित्राकडून शिकायची, असेच जणू गृहीत धरले आहे. मला माझ्या भावाने शिकवली, आणि त्याला कोणी शिकवलीच नव्हती. शिवाय त्या आठच्या आकड्यावर मिळालेले लायसन्स १०० सीसीलाही चालते आणि १००० सीसीलाही. युरोपात १६ वर्षांच्या मुलाला मिळणारा परवाना १२५ सीसीपर्यंतच्याच गाडीपुरता असतो आणि मोठ्या गाडीसाठी पुढची पायरी चढावी लागते. आपल्याकडे गिअरच्या गाडीच्या परवान्यात सीसीचा विचार नाही. तो विचार फक्त ब्रेक देताना झाला.

विम्याच्या अर्जात 'अपघाताचे कारण' या रकान्यापुढे शोरूममधील कर्मचाऱ्याने माझ्या वतीने लिहिले : 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने.' मी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले की सगळे असेच लिहितात. खरेच सगळे असेच लिहितात. रोजच्या वर्तमानपत्रातील अपघाताच्या बातम्या वाचा, हेच वाक्य दिसेल. रस्त्यावर चिखल होता, हे त्यात नसते; ज्या गाडीवर चाक अडकू न देणारी यंत्रणा नाही तीच गाडी नवख्या माणसाला विकली जाते, हे नसते; त्याला थांबायला कोणी शिकवले नव्हते, हेही नसते. दोन महिने मी हे वाक्य घरात, दवाखान्यात आणि शिक्षकांच्या खोलीत वेगवेगळ्या शब्दांत ऐकले आहे. माझी आई ६३ वर्षांची आहे, आणि या दोन महिन्यांत तिने मला लहान मुलीसारखी वेणी घालून दिली, भात कालवून दिला. रात्री कूस बदलताना हात अंगाखाली गेला की मी ओरडून उठत असे, आणि ती बिचारी दिवा लावून माझ्या उशाशी बसत असे. शेजारच्या बाई तिला रोज विचारत, "मोटरसायकल कशाला हवी होती?" माझ्या वर्गात २७ मुले आहेत. पहिलीची मुले ज्या वयात अक्षर गिरवायला शिकतात, त्याच दिवसांत त्यांच्या बाईंना फळ्यावर अक्षर काढता येत नव्हते. या नुकसानीसाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही.

आपल्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे दिवसाला दोनशेहून अधिक. त्याच वर्षी हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसे गेली. रोज दोनशे माणसांचा ताबा सुटतो, यावर आपला विश्वास बसतो का? माझा बसत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रासिलिया येथील जाहीरनाम्यावर भारताने स्वाक्षरी केली आणि २०२० पर्यंत रस्त्यांवरील मृत्यू निम्मे करण्याचे वचन दिले. २०१५ मध्ये हा आकडा १,४६,१३३ होता. तो निम्मा व्हायचा होता, आणि २०२३ मध्ये १,७२,८९० झाला. मुदत पुढे २०३० पर्यंत गेली. मला माझ्या वर्गाचा निकाल असा लावता आला असता, तर माझ्याकडे किती खुलासे मागितले गेले असते, याची मला पूर्ण कल्पना आहे.

सरकारला वेगाने काम करता येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते करता येते हे मी याच वर्षी पाहिले. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एकोणीस दिवसांत! मी जुलैमध्ये २८ टक्के भरून गाडी घेतली, याचे मला दुःख नाही. माझ्यानंतर घेणाऱ्यांना ती स्वस्त मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु लहान गाडी स्वस्त करण्याचा निर्णय सर्व राज्यांसह १९ दिवसांत अमलात येत असेल, तर तीच गाडी सुरक्षित करण्याच्या निर्णयाला मसुदा, हरकती, सूचना आणि उद्योगांशी चर्चा यांची एवढी लांब वाट का चालावी लागते? गाडी महाग होईल, हा आक्षेप घेतला जातो, हे मी वाचले आहे. एबीएस द्यायचे तर ड्रमऐवजी डिस्क ब्रेक द्यावा लागतो आणि त्याला खर्च येतो, हे मलाही समजते. पण करातली ती १० टक्के सूट आता हातात आहे. तिच्यातला एक वाटा ब्रेकसाठी राखून ठेवावा, असे कोणालाच का सुचले नाही?

माझे मागणे फार नाही. तो मसुदा एकही सीसी न वगळता, लिहिलेल्या तारखेसह अंतिम करावा. बिलावर हेल्मेट आणि साडी गार्ड यांचे पैसे लावणाऱ्या शोरूमवर कारवाई करण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तक्रार कुठे करायची, हे प्रत्येक शोरूमच्या दर्शनी भागात मराठीत लावायला सांगावे. आणि लायसन्सच्या परीक्षेत उमेदवाराला ताशी तीस-चाळीसच्या वेगातून गाडी थांबवून दाखवायला लावावी, तत्पूर्वी ती कशी थांबवायची हे शिकवण्याची सोय करावी. मैदान लागेल, प्रशिक्षक लागतील, हे खरे आहे. पण अस्थिरोग विभागातल्या खाटा त्याहून महाग पडतात. माझ्या वॉर्डात आठ खाटा होत्या आणि त्यांतील पाच जणी दुचाकीवरून पडलेल्या होत्या.

पुढच्या सोमवारी मी शाळेत रुजू होत आहे. बस अजूनही उशिराचीच आहे, त्यामुळे मी त्याच गाडीने जाणार. रविवारी भावाला घेऊन मैदानावर जायचे आणि पुढचा व मागचा ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत कसा दाबायचा याचा सराव करायचा, असे आम्ही ठरवले आहे. तोही माझ्याबरोबर प्रथमच शिकणार आहे. या पत्राचे उत्तर आपण शाळेच्या पत्त्यावर पाठवावे, ही विनंती. पत्ता सोबतच्या पाकिटावर आहे.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका